मागून हाक मारायची नाई

२२ जून २०२५, रविवार

मारबत! नाव ठरलं. गजेंद्र कितीबी तोंड वाकडं करो, मी बदलणार नाई.

म्हणे, "आकांक्षानं धनुष्यवाली बिजली बनवली. लोक जादूगार बनवतात, राणी बनवतात. तू पोळ्याची मारबत काऊन बनवून राह्यली?" मी म्हटलं, तुह्या खेळात तीन डोक्याचं कुत्रं चालते, अन् आपल्या गल्लीतली मारबत नाई चालत काय बे?

खेळ भल्ला मस्त आहे पण. मले वाटलंतं कॉलेजातल्या पोट्ट्यांचा टाईमपास असंल. गजेंद्र एक राज्य सांगते — कोरड्या राजाचं. तो राजा नद्या पिते, विहिरी पिते, अन् त्याचे शिपाई, हाडमोडे, लोकांची हाडं मोडत फिरतात. आपण एकेक माणूस बनवायचं. त्याच्यासारखं बोलायचं, त्याच्यासारखं लढायचं. वार बसला का हुकला, ते वीस बाजूंचा फासा सांगते. दुपार कुठं गेली समजलंच नाई.

माही मारबत बांबूची, चिंध्यांची, काळी कुट्ट. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक तिले गावाबाहेर जाळायले नेत होते, तं ही तिरडीवरून उठून पळाली! हातात पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा. तलवार काय, कोणाजवळबी असते. चिमट्यानं कपाशीचं झाड मुळासकट वर येते. मानबी येईन.

अन् तिची खरी ताकद — सोबत्याले बसलेला वार ती आपल्या अंगावर घेते. घेतला की एक चिंचोका वाटीत. वाटी भरली की सारी पीडा एकाच दुश्मनाच्या अंगावर टाकता येते. पण मंग मारबतबी जळते, कायमची. गजेंद्र म्हणे, "एखादी कमजोरी टाक, त्याच्याबिगर मजा नाई." मी बिना विचार करता बोलून गेली — तिले मागून हाक मारायची नाई. मारली तं घेतलेलं सारं ज्याचं त्याले परत.

हे आमच्या घरचं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरची बाई टोपल्यात झिजलेला झाडूचा फडा, फुटकं सूप, तुटक्या चपला घेते अन् नाल्यावर टाकून येते. घरातली पीडा घेऊन जाते ती. तिले मागून हाक मारायची नाई, तिची वाट अडवायची नाई. बाबांनी एका वर्षी मारली. "अवं, छत्री तं घेऊन जा" — एवढंच म्हटलं आईले. दिवाळीच्या आत बाबा गेले. दादा बाजूलेच उभा होता तेव्हा. दादा कोणाच्या बापाले भेत नाई, पण त्या सकाळी तोंडात रुमाल कोंबल्यासारखा बसते.

वहिनीबी होती आज! दादाले वाटते आम्ही नणंद-भावजय शिवणक्लासले जातो. खोटं नाई. खाली गजेंद्रची आई अन्नपूर्णाकाकू क्लास घेतेच. आम्ही फक्त जिना चढून वर जातो. वहिनी आधी नुसती पाहत बसली. "मले नाई जमत वो असं." मंग हळूच कागद ओढला. तिनं बनवली जयवंता, एक म्हातारी वैदीण. सुई-दोऱ्यानं जखमा शिवते. लढत नाई.

२५ जून

दादाच्या ढोरांच्या खुराकाच्या दुकानातून सरकी ढेपीचा वास अंगात घेऊन आली. डबा द्यायले गेलती. गिऱ्हाइकासमोर किती गोड बोलते हा माणूस! "काकाजी, तुमच्या गाईले विचारा, माही ढेप कशी आहे." सारे हसतात. घरी हा कुठं जाते?

२९ जून, रविवार

रक्त! रक्त! रक्त!

पुलावर हाडमोड्यांनी घेरलं. माह्या फाशावर वीस पडला. आकांक्षा एवढ्या जोरानं किंचाळली की खालून मशिनी थांबल्या. गजेंद्र म्हणे, "सांग, कशी मारते." मी सांगितलं. चिमट्यात नरडं पकडलं. छातीवर पाय रोवला. अन् ओढलं — झटक्यानं नाई, हळूहळू, ओल्या जमिनीतून पऱ्हाटी येते तसं. आधी कातडं फाटलं, मंग शिरा तुटल्या कट कट कट, मंग मुंडकं हातात आलं अन् त्याच्यामागं पाठीचा कणा. तो मी दुसऱ्याच्या तोंडावर फेकला.

गजेंद्र पांढरा पडला. "बस बाई, समजलं." वहिनी हसली! तोंडावर पदर घेऊन हसली, खांदे हलेपर्यंत. लग्नाले दोन वर्षं झाली, मी तिले असं हसताना पाह्यलं नवतं.

मंग एका हाडमोड्यानं जयवंताच्या डोक्यात गदा घातली. मी ओरडली, "माह्यावर!" पहिला चिंचोका वाटीत पडला. टण्ण!

१ जुलै

जेवताना सांगून टाकलं — मी एम.कॉम. करणार. आईचा घास हातातच राह्यला. मले वाटलं दादा आता ताट फेकते. पण नाई! नुसता पाह्यत राह्यला. ऐकून घेतलं चक्क!

मंग स्वयंपाकघरातून आवाज आला. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणे. वहिनीच्या गालावर चार बोटं उमटली. मी खाल्ली ना ती भाजी! मीठ बरोबर होतं! आईले म्हटलं तं म्हणते, "नवरा-बायकोच्या मधात पडू नये वं. भांड्याले भांडं लागतेच." भांड्याले भांडं? हे तं एकच भांडं ठोकून राह्यले.

६ जुलै, रविवार

आकांक्षाले ताप. डाव नाई. तरी गेलो आम्ही दोघी. काकूनं वहिनीले खरंच काजं-बटन शिकवलं. "तुह्या नवऱ्यानं विचारलं तं दाखवायले काही पाहिजे ना पोरी." काकूले सारं माहीत आहे. मी कधी सांगितलं नाई, पण वहिनीचं ब्लाऊजचं माप काकूनंच घेतलंतं.

१० जुलै

आर्वीचे ताराचंदशेठ मले पाहायले आले. कापसाचे व्यापारी. केसाले मेंदी, पहिली बायको सोडून गेलेली. मले विचारतात, "स्वयंपाक येते का?" मी म्हटलं, "येते. तुम्हाले येते का?" अन् उठून आत आली. आई कपाळ बडवून राह्यली. मी दादाले तोंडावर सांगितलं, लावायचं असंल तं तूच लाव त्याच्यासोबत लग्न.

११ जुलै

ताराचंद कटाप! दादानं फोन करून नाई म्हणून सांगितलं. माह्या तोंडाले भेते दादा, खरं सांगते. जो तोंडाले तोंड देते त्याच्या वाट्याले कोणी जात नाई. वहिनीनं हे शिकलं पाहिजे.

ती लंगडून राह्यली. मोरीत घसरली म्हणे. मोरीत पट्टा राहते काय? पोटरीवर बकलाचा ठसा आहे, चौकोनी, जांभळा. मी म्हटलं, काऊन मारलं? "चहा उतू गेला." चहा! मी आज रात्रभर बसून मारबतच्या चिमट्याले काटे लावणार आहे.

१३ जुलै, रविवार

आकांक्षावर मी अजून गरम आहे.

किल्ल्याच्या पायऱ्या चढत होतो. मारबत पुढं, तिच्या अंगात जयवंताचे सारे वार भरलेले. एकाचा गुडघा उलटा मोडला मी. दुसऱ्याचा जबडा चिमट्यानं काढून हातात दिला त्याच्या. वाटी अर्ध्याच्या वर गेलती. अन् ही आकांक्षा मागून बोंबलली, "मारबत, डावीकडे पाह्य!"

गजेंद्रनं माह्याकडे पाह्यलं. नियम माहाच. काय करते? वाटी उपडी केली त्यानं. सारे वार जयवंताच्या अंगावर परत. डोकं फुटलं, बरगड्या गेल्या, म्हातारी पायऱ्यांवरून गडगडत खाली. मरता मरता वाचली. आकांक्षा रडकुंडीले आली, "तोंडातून निघून गेलं वं, सवय आहे ना हाक मारायची." सवय! हिच्या घरी मारबत काढत नाईत काय?

मी तणतणत होती, पण वहिनी शांत. म्हणे, "बरं झालं ताई. ज्याचं त्याच्याजवळ आलं. तुम्ही माहं सारं घेता, मंग मले खेळायले काय उरते?" मी म्हटलं, मारबतचं कामच आहे ते. तं म्हणे, "घेणाऱ्यानं असं वाटीत वाजवू नये."

काय बोलते ही कधी कधी! मले जरा लागलंच. मी तिच्यासाठी करून राह्यली अन् हिले वाजवल्यासारखं वाटते.

१९ जुलै

दादानं विचारलं, क्लासात काय शिवलं. वहिनीनं ब्लाऊज दाखवलं. काकूनं शिवलेलं. दादानं उलटंपालटं करून पाह्यलं अन् म्हणे, "बाही वाकडी आहे." काकूले सांगितलं तं म्हणे, "त्याले म्हणा, तुही नजर वाकडी आहे."

२७ जुलै, रविवार

लिहू नये वाटते. तरी लिहिते.

डाव रंगात आलता, आम्हाले निघायले उशीर झाला. खूप उशीर. दोष माहाच — मलेच राजाच्या फाटकापर्यंत पोचायचं होतं. घरी आलो तं दादा दारात. मी म्हटलं, "मीच थांबवलं तिले, काय बोलायचं ते मले बोल." दादानं वहिनीले मनगटाले धरून खोलीत नेलं अन् कडी लावली.

मी दार बडवलं. लाथा घातल्या. आतून आवाज येत होते — कातड्याचा आवाज, भांडं पडल्याचा आवाज, अन् वहिनी काहीतरी पुटपुटत होती, एकच वाक्य, सारखं सारखं. ओरडत नवती. मंग काडी मोडल्यासारखा आवाज. तेव्हा ओरडली.

कडी निघाली. मी मधात घुसली. दादाचा हात वर होता. मी म्हटलं, मार! मार ना मले! हात तसाच हवेत राह्यला. वहिनीकडे पाह्यलं त्यानं, माह्याकडे पाह्यलं, अन् बाहेर निघून गेला. भेला! माह्यासमोर भेला!

वहिनीची करंगळी मोडली. दवाखान्यात सांगितलं, दरवाज्यात सापडली.

मले दादाले मारावं वाटते. खेळात नाई. खरंच.

३ ऑगस्ट, रविवार

आज फासा हातात घेतला नाई. चौघंबी बसलो अन् खरा डाव मांडला. काकूबी वर आली, गळ्यात टेप तशीच.

वहिनीले घरातून काढायचं. पण कसं? ती एकटी भाजी आणायले निघाली तरी दादा दुकानातून फोन करते, कुठं आहे म्हणून. तिचे बाबा, किसनराव, फोनवर म्हणे, "पोरी, दिल्या घरी सुखी राह्य. माहं नाक कापू नको." मंग तिनं तळेगावले, माहेरच्याच गावी, राहणाऱ्या तिच्या भागीरथा आत्याले फोन लावला. आत्या एकटी राहते, संत्र्याची बाग पाहते. तिनं पुरतं ऐकूनबी घेतलं नाई. "येजो. बाकीचं मी पाह्यतो. आला इकडं तं त्याचे पाय तोडून गोठ्यात टाकतो."

मले एकदम सुचलं. मारबतची सकाळ! टोपलं घेऊन वहिनीच जाते. मागच्या सालीबी तीच गेलती. त्या सकाळी दादा हाक मारणार नाई, वाट अडवणार नाई, ती वापस येऊन पाय धुवेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाय टाकणार नाई. टोपल्यात खाली तिचे कपडे अन् मार्कशिटा, वर फडा अन् सूप. नाल्यापाशी गजेंद्र गाडी घेऊन उभा. तिथून बसस्टँड. आर्वीची गाडी सकाळीच लागते, तळेगाववरूनच जाते.

गजेंद्र म्हणे, "अबे, हे माह्या डोक्यात कधी आलं नसतं." येणारच नाई. खेळाचा मास्टर असला म्हणून काय झालं!

वहिनी मात्र मान हलवत होती. "मी गेली तं तुमचं काय होईन?" मी म्हटलं, माहं काय होणार आहे? मले दादानं आजपर्यंत बोट लावलं नाई. ती माह्याकडे पाह्यतच राह्यली. मंग म्हणे, "हो. नाई लावलं."

आकांक्षानं तिले पाणी दिलं. पाणी पिऊन वहिनी म्हणे, "जाते."

९ ऑगस्ट

राखी. दादाच्या हाताले बांधली. वहिनीनं तबक धरलं, करंगळीले पट्टी. दादानं मले ड्रेस दिला. म्हणे, "शिक किती शिकायचं ते." मनगट पाह्यत होती मी त्याचं. चिमट्यात बरोबर बसंल.

१५ ऑगस्ट

दादा वहिनीशी गोड बोलून राह्यला. शेगावले नेतो म्हणे, पोळा झाल्यावर. वहिनी ढिली तं नाई पडणार? मले धडकी भरते. असा गोड बोलला की ती दोन दिवस गाणं गुणगुणते.

१७ ऑगस्ट, रविवार

मारबत मेली. अन् कशी मेली!

कोरड्या राजाचं फाटक. वाटी पुरी भरलेली, वर शीग आली होती चिंचोक्यांची. बिजलीचे बाण संपले. राजानं तिले उचललं अन् भिंतीवर आपटलं, ओलं कापड दगडावर आपटतात तसं. तो वार मी घेतला. मारबतचा खांदा निखळला, बांबू बाहेर आला. राजानं तोंड उघडलं अन् आमचं रक्तच प्यायले लागला. दुरून! नाकातून, डोळ्यांतून धारा निघून त्याच्या तोंडात जाऊन राह्यल्या. मी वाटी उचलली, पण गजेंद्र म्हणे, "त्याचं तोंड उघडं हाय तोवर तुही पीडाबी तो पिऊन टाकीन."

संपलं म्हटलं आता.

तं वहिनी म्हणे, "फासा द्या." कधी फासा मागत नाई ती! जयवंता लढत नाई ना. गजेंद्र म्हणे, "काय करते तुमची वैदीण?" वहिनी म्हणे, "त्याच्या अंगावर चढते. अन् तोंड शिवते."

आम्ही पाह्यतच राह्यलो. पट्टी बांधलेल्या हातानं फासा टाकला तिनं. अठरा. मंग तिनं सांगितलं — हळू आवाजात, मान खाली घालून, शिवताना बोलतात तसं. खालच्या ओठातून सुई घालते. वरच्या ओठातून काढते. दोरा ओढून घेते. तो चावते, माहं बोट जाते, जाऊ दे. दुसरा टाका. तो केस धरते माहे, आपटते मले. तिसरा टाका. जवळजवळ घालते, म्हणजे उसवत नाई. शेवटी गाठ मारते अन् दातानं दोरा तोडते.

गजेंद्रचं तोंड उघडंच. त्यालेबी शिवून टाकावं वाटलं.

मंग मी वाटी उपडी केली राजाच्या अंगावर. सारे वार एकदम फुटले त्याच्यात. डोळे बाहेर आले, पोट फाटलं, अन् प्यायलेल्या साऱ्या नद्या धो धो बाहेर. अन् मारबत उभ्या उभ्या पेटली. चिंध्या, केस, बांबू. जळता जळता चिमटा जयवंताच्या हातात दिला.

मी रडली. खेळच तो, पण रडली. गजेंद्रनं माहा कागद माडीच्या कठड्यावर काडी लावून जाळला, रीतीप्रमाणे. वहिनीनं माह्या पाठीवर हात ठेवला. "उगी. मारबत परत बनवता येते. दर साली बनवतात ना लोक?"

२२ ऑगस्ट, पोळा

पुरणपोळी, कढी, वडे. तोरणाखालच्या बैलांपेक्षा दादाच जास्त डुलत आला. वहिनीनं टोपलं भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवलं. आई दोनदा तिथून गेली. टोपलं पाह्यलं.

२३ ऑगस्ट, मारबत

गेली! गेली! गेली!

सकाळी गल्लीत पोट्ट्यांचा कल्ला. "ईडा पीडा, राई रोग, मच्छर-माशा घेऊन जा गे मारबत!" वहिनीनं टोपलं डोक्यावर घेतलं. आईनं तिच्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या, रीतीप्रमाणे. वहिनी उंबरा ओलांडून गेली. अंगण ओलांडलं. फाटकाशी टोपलं कललं. फडा सरकला, अन् खालून तिच्या लग्नातल्या शालूचा काठ बाहेर आला. येडी! शालू कायले घ्यायचा होता! लाल, जरीचा, दुरून दिसंल असा.

दादा दारात उभा होता. डोळे तांबारलेले. त्यानं पाह्यलं. त्याले समजलं. माह्या डोळ्यासमोर समजलं त्याले. गळ्याची शीर टरारली. तोंड उघडलं.

आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. दोन्ही हात! माही आई, जी कधी भांड्याले भांडं म्हणायची! "हाक मारू नको बाप्पा. तुह्या बापाचं आठव."

तो तिथंच उभा. मुठी आवळलेल्या, नाकपुड्या फुललेल्या, घाम गळून राह्यला, पण तोंड बंद. उंबऱ्यावर पाय टेकवला अन् परत घेतला. वहिनी चालत राह्यली. मलेबी हाक माराविशी वाटली. फक्त "वहिनी" म्हणावं, तिनं एकदा वळून पाहावं. ओठ चावले मी. ती वळली नाई. नाल्याकडच्या वळणावर शालूचा लाल काठ दिसला, मंग तोबी नाई.

दादा अजून दारातच बसला आहे. तिच्या पाय धुवायच्या पाण्याची बादली तशीच भरलेली. गजेंद्रचा मेसेज आला — "गाडीत बसली." मले नाचावं वाटून राह्यलं! दादा उठला वाटते. येऊ दे. मले काय करणार आहे तो?

२४ ऑगस्ट, रविवार

डाव्या हातानं लिहिते. उजवा उचलत नाई.

पट्टा नवता, मोरीतला लाकडी पाट होता. मीबी चावली त्याले, मनगटाले, राखी होती तिथंच. पण मले माहीतच नवतं मार कसा असते. पहिला वार बसला की दुसऱ्यापर्यंत श्वास येत नाई. समोरचा दात हलून राह्यला.

आईनं हळद लावली. म्हणे, "तुले पहिल्यांदा पडला ना. दोन वर्षं ती खात होती तुह्या वाट्याचा. तुहं कॉलेज, तुहा ताराचंद, तुहा उशीर. तो पट्टा घेऊन तुह्या खोलीकडे निघाला की ही दारात आडवी. 'ताईले हात लावू नका, मले मारा.' एकच वाक्य म्हणायची, सारखं सारखं."

मीठ. चहा. मोरी. अन् मी येडी वाटीत चिंचोके वाजवत होती!

संध्याकाळी आत्याच्या फोनवरून वहिनी. मागं कोंबड्यांचा आवाज. "ताई, खरं सांगा. तुम्हाले काही केलं तं नाई त्यानं? केलं असंल तं मी उद्याच्या गाडीनं वापस येते."

तोंडात रक्त आलं होतं. गिळलं.

"काई नाई वं वहिनी. मले कुठं बोट लावते तो?"